पिल्लं का गेली?

कार्तिक महिना कुत्र्यांचा, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. महिन्यांची नावं पाठ म्हणून घेताना कार्तिक आला की शेवटच्या बाकांवरून खुसखुस ऐकू यायचीच. मी तिकडे काणाडोळा करून मार्गशीर्षावर जायची. पण त्या महिन्याचा पुढचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे कार्तिकातली पिल्लं पौषात येतात, ऐन थंडीत, कुठेतरी टिनाच्या पत्र्याखाली नाहीतर रेतीच्या ढिगाआड. दीड-दोन महिने आईचं दूध पिऊन गुबगुबीत होतात, माघ सरता सरता गल्लीभर लुडबुडू लागतात, पोरं त्यांना नावं ठेवतात (म्हणजे बारसं करतात, बरं का! दुसऱ्या अर्थानं नावं ठेवणं हे मोठ्यांचं काम), आणि नेमकं तेव्हाच एके दिवशी त्यातलं एक पिल्लू सुस्त होऊन कोपरा धरतं. आठवडाभरात ढिगाआड कुणी उरत नाही.

प्रतापनगरच्या आमच्या लेआऊटमध्ये मी हे कितीतरी वर्षं बघत आलेय. त्याची कारणंही ठरलेली. थंडीनं गेली. ऊन लागलं. कुणी शिळं घातलं. जंत झाले. गॅस्ट्रो झाला. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं कारण म्हणजे, "कोनं तरी औषध टाकलं जी."

या 'औषध' शब्दाकडे जरा बघा. शब्दकोशात औषध म्हणजे रोग बरा करणारा पदार्थ. आमच्या विदर्भात मात्र त्याचा दुसराच अर्थ आधी मनात येतो. 'त्यानं औषध घेतलं' असं खेड्यात कुणी दबक्या आवाजात म्हणालं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कपाशीचा मुलूख हा. फवारणीचं औषध घराघरात माहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हा 'औषध टाकलं' हा संशय इथल्या माणसाच्या तोंडी पटकन येतो, यात नवल नाही. नवल याचं की त्या एका वाक्यापुढे चौकशीच थांबते. मग पिल्लाला काय होतंय हे कुणी बघत नाही, टाकलं कोणी हे बघतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत हेच झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना बंगला पाडून इमारत उभी राहत होती. तिथल्या चौकीदाराच्या झोपडीमागे एका तांबूस कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. चौकीदाराची बायको कुत्रीला उरलंसुरलं घालायची, आणि शेजारचा अकरावीतला मुलगा अभ्यास सोडून सगळा वेळ तिथेच असायचा. त्यातल्या एका पिल्लाला रविवारी कुणी ओळखीचं कुटुंब घेऊन गेलं. उरली चार. सोमवारी दोन पिल्लं जेवली नाहीत. मंगळवारी सकाळी ओकत होती. रात्रीतून दोन्ही गेली. बुधवारी महाशिवरात्र. तिसरं पिल्लू रेतीवर आडवं पडलेलं, शेपटीखाली सगळं लालसर काळपट, आणि वास... तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. मोरीचा नाही, कुजलेल्याचाही नाही, काहीतरी गोडसर-आंबूस आणि रक्ताचा.

दहा-बारा माणसं जमली. आधी कुणी म्हणालं, उपासाची साबुदाणा खिचडी घातली असेल, ती बाधली. हे मागे पडलं, कारण आजारी तर ती सोमवारपासून होती. मग चौकीदाराची बायको म्हणाली, "कोनं तरी औषध टाकलं जी, नायतर येका रातीत दोन-दोन मरतेत का?" आणि सगळ्यांच्या नजरा एकाच घराकडे वळल्या. तिथे एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. स्वभाव तुसडा, हे कबूल. कुत्र्यांच्या भुंकण्याबद्दल महानगरपालिकेत दोनदा लेखी तक्रार केलेला माणूस. गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर तोवर त्यांच्या फाटकाचा फोटो येऊन पडलाही होता, खाली लिहिलेलं, 'निष्पाप जीवांचे मारेकरी'. एक ताई तर पोलीस ठाण्यात जायला निघाल्या. प्राण्याला विष घालून मारणं हा गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

मी तिथे एकच विचारलं. "यांची आई कशी आहे?"

आई ठणठणीत होती. समोरच बसून चौकीदाराच्या पोळ्या खात होती. गल्लीतली इतर तीन-चार मोठी कुत्रीही रोजच्यासारखी सावलीला पसरलेली. मी म्हटलं, अहो, विष टाकणारा माणूस पिल्लांना वेगळं आणि आईला वेगळं वाढतो का? आणि विषानं दोन दिवस आधीपासून भूक मरते का? शेतीतली विषं पोटात गेली की बहुतेकदा काही मिनिटांत नाहीतर काही तासांत लाळ गळते, अंग थरथरतं, आचके येतात. इथे तर पहिला दिवस नुसता मरगळीचा, दुसरा ओकाऱ्यांचा, आणि मग रक्ताची हगवण. शिवाय एकामागून एक, रांगेनं.

मला हे कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. काही विशेष नाही. धाकट्या बहिणीकडे अमरावतीला कुत्रं आहे. २०२२ च्या जानेवारीत तिकडे पार्वोची मोठी साथ आल्याच्या बातम्या होत्या, तेव्हा तिनं रोज फोनवर माझे कान भरले होते. कधीकधी बहिणींची बडबड उपयोगी पडते ती अशी!

तिसरं पिल्लू आमच्या डोळ्यांदेखत गेलं. चौथी, भुरी नावाची, अजून चालत होती. पण दुधाच्या वाटीला तोंड लावून बाजूला झाली. ओकारी नाही, हगवण नाही, नुसती 'नको'. माझ्या मते साऱ्या गोष्टीतली खरी घडी ती होती. शेजारचा मुलगा म्हणाला, "आजी, संध्याकाळपर्यंत बघू का? ही तर बरी दिसते." मी म्हटलं, नाही, आत्ताच. खोक्यात जुनी चादर घातली, ऑटो बोलावला. सणाचा दिवस, एक-दोन दवाखाने बंद होते, तिसरा उघडा मिळाला.

तिथली डॉक्टरीण अगदी तरुण होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं भुरीच्या मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन खाली बसायला हवी, हळूहळू बसली. म्हणजे अंगातलं पाणी कमी व्हायला लागलेलं. हिरड्यांना बोट लावून बघितलं, त्या कोरड्या, चिकट. ताप होता. मग शेपटीखालून कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि करोनाच्या काळात आपण घरी वापरायचो तशा एका पट्टीवर थेंब टाकले. दहा मिनिटांत दोन रेघा.

"पार्वो आहे काकू," ती म्हणाली. "लवकर आणलंत. आणि पट्टीवर एकच रेघ आली असती तरी मी उपचार सुरूच केले असते. ही पट्टी कधीकधी चुकते."

"याच्यावर औषध आहे ना?" मुलानं विचारलं.

"या विषाणूला मारणारं औषध आमच्याकडे नाही रे. आपण तिला जिवंत ठेवायचं, विषाणूशी ती लढेल."

पार्वो या शब्दाचं मूळ लॅटिन, 'पार्वस' म्हणजे लहान. आणि खरंच तो विषाणूंमध्येही बारका. एक मिलिमीटर जागेत असे सुमारे ४०,००० एका रांगेत बसतील. याला वाढायला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. लहान जिवाच्या अंगात अशा पेशी दोन ठिकाणी फार: आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं येतं. पार्वो ते नवं येणंच बंद पाडतो. अस्तर सोलून निघतं, म्हणून रक्त, म्हणून तो वास. मगजात तो पांढऱ्या पेशी तयार होऊ देत नाही. म्हणजे घराची भिंत पडली आणि त्याच रात्री पहारेकरीही पळाले. आतड्यातले एरवीचे निरुपद्रवी जंतू उघड्या भिंतीतून रक्तात शिरतात. पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी संपून आणि या जंतूंमुळे. हे कळलं की सलाईन कशासाठी, जंतुनाशक इंजेक्शन कशासाठी, हे आपोआप कळतं.

आणि घरचे उपाय का चालत नाहीत, तेही. गल्लीत लोकांनी मला काय काय सुचवलं! ताक पाजा, हळद द्या, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं घाला, माणसाची हगवणीची गोळी अर्धी करून द्या. आता मीठ-साखरेचं पाणी ही वाईट गोष्ट नव्हे. पण जे पिल्लू दर अर्ध्या तासाला ओकतंय त्याच्या पोटात ते राहणार कसं? जबरदस्तीनं ओतलं तर फुप्फुसात जायची भीती. पाणी शिरेतूनच द्यावं लागतं. हगवण थांबवणारी गोळी तर नकोच, घाण आतच अडकते. आणि माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या ठरू शकतात. त्या दिवशी कुणी भुरीला अशी गोळी घातली असती, तर आमच्या गल्लीत खरोखरच कुणीतरी 'औषध टाकलं' असं झालं असतं.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते या रोगाच्या वयाचं. माझा जन्म १९५१ चा, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला. आमच्या वाड्यावर कायम कुत्री असायची, तरी हा रोग आमच्या आजीनंसुद्धा पाहिलेला नव्हता. पाहणार कशी? तेव्हा तो जगात कुणालाच माहीत नव्हता! १९७८ साली तो एकदम दिसू लागला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मागाहून जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा युरोपात त्याच्या खुणा दोन-चार वर्षं आधीपासूनच्या निघाल्या. मांजरांना होणाऱ्या एका जुन्या रोगाच्या विषाणूचा, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडाचा, हा बदललेला अवतार, असं शास्त्रज्ञ मानतात. कुत्र्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची काहीच ओळख नव्हती, त्यामुळे त्या पहिल्या लाटेत मोठी कुत्रीही मेली. सुरुवातीला हाताशी काही नव्हतं म्हणून मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली गेली. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स ॲपेल यांनी कुत्र्यांसाठीची लस तयार केली. भारतात तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पोचला होता. म्हणजे मी नोकरीला लागून स्थिरावत होते, तेव्हा हा पाहुणा नवा-नवा आला होता. तेव्हापासून दर माघ-फाल्गुनात तो गल्लीतली पिल्लं नेतोय आणि आपण थंडीला, उन्हाला आणि शेजाऱ्याला दोष देतोय.

भुरी पाच दिवस दवाखान्यात येत-जात होती. सकाळी नेऊन सोडायची, संध्याकाळी आणायची. पुढच्या पायाला पट्टी बांधलेली, त्यात सुई. ओकारी थांबवायचं इंजेक्शन, जंतुनाशक, सलाईनमध्ये साखर, कारण लहान पिल्लाच्या रक्तातली साखर फार लवकर उतरते. घरी आम्ही तिला बाथरूममध्ये ठेवलं, खाली वर्तमानपत्रं, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. अंग गार पडू द्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी रक्त पडलंच. तिसऱ्या दिवशी ती मान उचलेना, तेव्हा त्या मुलानं माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर देता येईना. मी नुसती 'चल, वेळ झाली' म्हणून खोकं उचललं.

पूर्वी अशा पिल्लाला उपाशी ठेवायची पद्धत होती, आतड्याला विश्रांती म्हणून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीनं थोडंथोडं अन्न दिलेली पिल्लं लवकर सावरली. आतड्याला अस्तर पुन्हा विणायचं तर त्याला खायला नको का? हे मला अगदी पटलं. आमच्या डॉक्टरीणबाईही ओकाऱ्या आटोक्यात येताच चमचा-चमचा पातळ खाणं घालत होत्या. २०२३ साली अमेरिकेत थेट याच विषाणूला धरणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला सशर्त परवानगी मिळाली आहे, असंही त्यांनी सांगितलं. त्या फेब्रुवारीत आमच्यापुढे होती ती सलाईनची बाटली. उपचारच नाही मिळाले तर १०० पैकी ९० पर्यंत पिल्लं मरू शकतात आणि वेळेवर चांगले उपचार मिळाले तर ८०-९० वाचू शकतात, एवढा फरक त्या बाटलीचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भुरीनं वाटीतलं चाटलं. स्वतःहून. सहाव्या दिवशी तिनं माझ्या चपलेचा अंगठा तोडला. चपला नव्या होत्या, पण असो.

मधल्या काळात गल्लीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. महाशिवरात्रीच्या संध्याकाळीच मी तपासणीचा कागद घेऊन त्या ताईंकडे गेले. त्यांनी तो वाचला, पोलीस ठाण्याचं राहिलं. पण गटावरचा फोटो कुणी काढला नाही, माफी कुणी मागितली नाही. 'औषध टाकलं' हे सांगायला जेवढी तोंडं होती, त्यातलं एकही 'टाकलं नव्हतं' हे सांगायला उघडलं नाही. मग तो कागद मी त्या गृहस्थांनाही नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं होतं, आता रागावतील, बोलतील. ते म्हणाले, "मॅडम, त्यातलं एक पिल्लू माझ्या फाटकाशी घाण करून गेलं आहे. तिथं काय टाकायचं ते सांगा. मी फिनेल टाकलं."

प्रश्न बरोबर होता, आणि गल्लीत हा प्रश्न विचारणारे ते एकटेच निघाले. फिनेलचा वास आला की आपल्याला स्वच्छ झालं असं वाटतं. पण पार्वोचा त्यावर भरवसा नाही. हाताला लावायचं सॅनिटायझरही कुचकामी. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टन असतं, ते साबणानं-अल्कोहोलनं विरघळतं, म्हणून तो मरायचा. पार्वोला ते वेष्टनच नाही. घरात तो दोन महिने सहज टिकतो, बाहेर सावलीत-ओलीत त्याहून कितीतरी जास्त, वर्षभरसुद्धा. त्याला मारतं ते कपडे शुभ्र करायचं ब्लीच. आधी घाण पूर्ण काढून, धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं ओतून दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. घाणीवरच ओतलं तर ब्लीचचा जोर घाणीतच संपतो. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मी हे सगळं त्यांना फळ्यावर लिहावं तसं कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं फाटक धुतलेलं होतं, आणि चौकीदाराच्या झोपडीपुढची फरशीसुद्धा. ती कोणी धुतली हे मी विचारलं नाही.

रेतीच्या ढिगाचं मात्र काय करणार? माती-रेती ब्लीचनं शुद्ध होत नाही. आमच्या नागपूरच्या वैशाखातलं ऊन वरच्या थराला भाजून काढेल, पण ढिगाच्या आत सावलीच. माणसाला हा रोग होत नाही (माणसांचा एक पार्वो आहे, तो निराळा), तरी माणूस तो चपलेवरून, हातावरून, पँटच्या टोकावरून वाहून नेतो. आजारी पिल्लाला हात लावून दुसऱ्या पिल्लाशी खेळायला जाणारा प्रेमळ माणूस, पार्वोला आणखी काय हवं? पिल्लाला लक्षणं दिसायच्या आधीच त्याच्या विष्ठेतून विषाणू पडायला लागतो, आणि बरं झाल्यावरही सुमारे दोन आठवडे पडत राहतो. त्या मुलाला मी घरी गेल्यावर साबणानं हात चोळून धुवायला आणि चपला बाहेरच ठेवायला लावायची. साबण विषाणूला मारत नाही, पण हातावरून वाहून तर नेतो.

आणि रविवारी गेलेलं ते पाचवं पिल्लू. दोन रेघा दिसल्याबरोबर मी दवाखान्याच्या ओट्यावरूनच त्या घरी फोन लावला. ते म्हणाले, "छान खेळतंय हो काकू, काही नाही." मी म्हटलं, लागण झाल्यापासून तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही, काहीच दिसत नाही, लक्ष ठेवा, खाणं नाकारलं की त्याच तासाला न्या. त्यांनी नेलंही. शुक्रवारी दुपारी खाणं सोडलं, शुक्रवारीच सलाईन लागलं, आणि मंगळवारी ते गेलं. सगळं वेळेवर होऊन गेलं. त्यांची सात वर्षांची मुलगी फोनवर मला विचारत होती, "आजी, मग तुमचंच कसं वाचलं?" मी तिला म्हटलं, बाळा, दोघांनाही सारखंच औषध मिळालं होतं. याहून वेगळं काही मला सांगता आलं नाही. त्यांच्या घरात एक म्हातारं कुत्रं होतं, वर्षा-दोन वर्षांनी लस घेणारं. त्याला काही झालं नाही.

लशीबद्दल लोक मला एक गोष्ट हमखास ऐकवतात, "आमच्यानं तर ४५ व्या दिवशी लस दिली होती, तरी मेलं!" खोटं नसतं ते. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जे संरक्षण मिळतं, ते काही आठवडे टिकतं आणि त्या काळात लशीलाही शत्रू समजून निकामी करतं. ते हळूहळू ओसरतं. कुणाचं सहाव्या आठवड्यात, कुणाचं बारा-चौदाव्या. मधे एक काळ असा येतो की आईचं संरक्षण रोग थोपवायला अपुरं, पण लस बिघडवायला पुरेसं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन-चार आठवड्यांनी लस द्यायची, ती पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत किंवा थोडं पुढेही. मग सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं एक. एकच सुई टोचून 'झालं लसीकरण' म्हणणं म्हणजे पहिल्या घटक चाचणीवर वार्षिक निकाल लावणं. रस्त्याकडेला टोपलीत महिन्याभराची पिल्लं विकणारे मात्र 'सगळ्या लशी झाल्या' असं बेधडक सांगतात आणि शिकलेली माणसं त्यावर विश्वास ठेवतात! त्या वयात सगळ्या लशी होऊच शकत नाहीत. रॉटवायलर, डोबरमन यांसारख्या जातींना तर हा रोग जास्तच जोरात होतो, आणि टोपलीत हौसेनं ठेवलेली तीच असतात.

खासगी दवाखाना परवडत नाही, हीही खरी अडचण. नागपूरकरांना एक सोय आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालचं. तिथे शिकवण्याबरोबर जनावरांचा दवाखानाही चालतो.

भुरी आता आमच्याकडेच असते, म्हणजे शेजारच्या मुलाची म्हणून आमच्याकडे. या रोगातून उठलेल्या कुत्र्याला तो पुन्हा सहसा होत नाही, पण बाकीच्या रोगांच्या लशी द्याव्याच लागतात. त्याचं कार्ड माझ्या औषधांच्या डब्यात असतं. तिच्या आईची नसबंदी झाली.

इमारत उभी राहिली, रेतीचा ढीग गेला. तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलंय. ते परवा भुरीला कुरवाळत म्हणाले, आम्हीही लॅब्रेडॉरचं पिल्लू आणतोय, ४० दिवसांचं, ह्याच अंगणात खेळेल. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्या ढिगाची जागा दाखवली. शेवटची लस होऊन आठ-दहा दिवस जाईपर्यंत त्याला इथल्या जमिनीवर सोडायचं नाही, बाहेर न्यायचं तर कडेवर. तरुणानं विचारलं, "म्हणजे आजी, किती दिवस?" मी म्हटलं, तूच मोज, १६ आठवडे नि वर दहा. तो बोटांवर मोजायला लागला.